रिंगणाची मोकळी वाट

धामणवाडीच्या सड्यावर, वाडीवरच्या उघड्या माळावर, कातळात एक रिंगण कोरलेलं आहे. बारा पावलं रुंद, आणि उगवतीच्या अंगाला वीतभर तुटलेलं. बघायला येणारे पाहुणे त्याला कोणी सूर्य म्हणतात, कोणी चंद्र. वाडीतले सदू मिराशी विडी विझवून म्हणतात, "म्हणा काय म्हणायचं ते. भिकाजी गावकाराला तरी कुठं कळलं होतं?"

हा भिकाजी फार जुन्या काळचा, वाडीचा मुख्य मानकरी. रिंगण कोणी कोरलं हे तेव्हाही कोणाला ठाऊक नव्हतं म्हणे. ओळीनं तीन वर्षं भात हातचं गेलं, तेव्हा त्याच्या डोक्यात आलं, हे रिंगण म्हणजे तर आपली कणगी. कणगीला भोक राहिलं तर दाणे टिकतील कसे? कोरणाऱ्यानंच आळस केला असणार. त्यानं चुन्यात गूळ मळला आणि फट लिंपून टाकली. त्या साली भात झकास आलं. गडी खूश.

पुढच्या चैत्रात त्याची सून गोजरा दुसऱ्या खेपेला अडली. दीड दिवस गेला, मूल सुटेना. म्हातारी सुईण राहीबाय ओट्यावर आली. म्हणाली, "गावकारा, ती कणगी नव्हे. ते आईचं पोट. यायची वाट तूच बुजवलीस."

भिकाजीची मतीच गुंग झाली. कणगी म्हणावी तर सून जाते, पोट म्हणावं तर वाडीचं भात जातं. विचारायचं तरी कोणाला? पहार घेऊन तो सडा चढला, दोनदा अर्ध्यातून माघारी वळला, आणि गुरं परतायच्या वेळी एकदाचं लिंपण फोडलं.

धापा टाकत घरी आला तर सून निजलेली आणि नात रडत होती.

"कधी झाली?"

"तू पहार शोधत होतास तेव्हाच," राहीबाय म्हणाली.

भिकाजीनं पहार दाराशी टेकवली. मग ते पोट की कणगी? आता राहीबायलाही सांगता येईना. लोक म्हणाले, परत लिंपून टाक. त्यानं नातीकडं पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. त्याला भीती वाटत होती, आणि ती कशाची ते त्यालाही कळत नव्हतं, असं सांगतात.

आजही वाडीतली सून बाळंत व्हायची असली की सासरा सड्यावर येतो आणि निरोप येईपर्यंत त्या फटीतली माती बोटांनी काढत बसतो. मिराशींच्या सुनेला सकाळी तालुक्याच्या दवाखान्यात नेलंय. याचा अर्थ काय, असं पाहुण्यांनी परत विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मला नाही ठाऊक," आणि फटीत पुन्हा बोट घातलं.