शंभर पंडितांचं झाड

अगं, ऐक तर! ताजं ताजं घडलंय, गरम आहे अजून.

एका राज्यात होता राजा धवलसेन, आणि त्याच्या उजव्या हाताला बसायचा मांत्रिक करालभट. बारा वर्षं राजाला हसू आलं नव्हतं. त्यानं दवंडी पिटवली, 'सुख म्हणजे काय ते सांगा. उत्तरं तीन. तिन्ही चुकली तर पक्षी व्हाल.' दरबारातल्या वडावर शंभर पंडित पंख फडफडवत बसले होते, नि वाद अजून चालूच!

त्याच राज्यात नीलाक्षी नावाची मुलगी होती, तिचा धाकटा भाऊ सोमदत्त त्यातच. राघू झाला होता. माणसं सुखी कशानं होतात, हे ती दोघं भावंडं बखरी, गाणी, चित्रं धुंडाळून शोधायची. आणि हा शहाणा एकटाच पुढे धावला!

ती दरबारात आली तसा तो खांद्यावर बसला.

"ताई, परत जा."

"गप रे. तुला घेतल्याशिवाय जात नाही."

पहिलं उत्तर तिनं बखरींतून दिलं. "महाराज, जिथे लढाई नाही, तिथे सुख."

"माझ्या राज्यात लढाई नाही. सुख कुठंय?"

तिच्या डाव्या हाताचा पंख झाला.

दुसरं गाण्यांतून. "जात्यावर बायका दुःख गातात नि हलक्या होतात. दुःख गाता येणं, हेच सुख."

"गाण्याचं नाव काढू नकोस," राजा म्हणाला. आणि बघ हं, त्याचा आवाज कापला. उजवा हातही गेला.

करालभट हसला. "मुली, आत्ता निघालीस तर दोन्ही हात परत. भाऊ मात्र राघूच."

"घे ताई. मला आता पेरू आवडतात."

"खोटारड्या! पेरू बघून पळायचास तू."

नीलाक्षी हलली नाही. शंभर पंडितांनी राजाला उत्तरं दिली होती, पण त्याला विचारलं कुणीच नव्हतं. दरबाराची रीतच तशी, प्रश्न फक्त राजानं विचारायचा. तिनं मान वर केली.

"महाराज, कोण गायचं?"

"जीभ छाटा हिची!" करालभट ओरडला. राजानं हात वर केला.

"राणी. सकाळी केस विंचरताना. बेसूर गायची. मी तिला शिकवायला गवई ठेवला. ती गायचीच थांबली. पुढं वर्षभरात वारली."

"ती बेसूर गायची, तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"दाराआड उभा राहून ऐकायचो," राजा म्हणाला, आणि डोळ्यांत पाणी असताना खदखदून हसला.

करालभटाचा मंत्रच असा होता, की राजानं आपलं सुख दुसऱ्यांच्या तोंडून मागत राहावं. आज ते त्याच्याच तोंडून आलं, नि मंत्र तुटला. पंडित धपाधप खाली पडले, नीलाक्षीला हात आले, सोमदत्त तिच्या खांद्यावरून थेट जमिनीवर आदळला. करालभट घुबड होऊन उडाला. त्या दिवसापासून त्या राज्यात राजालाही प्रश्न विचारता येतो.

पण खरं सांग हं. दोन्ही हात परत मिळत होते, आणि तिसरं उत्तर चुकलं असतं तर तीही पक्षी झाली असती. तिच्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?