दुसरा कोस

फार वर्षांपूर्वी एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावच्या चर्चच्या दाराआड नऊ काठ्या उभ्या असत. एका रविवारी गावातली शिकलेली मुलगी उपासनेला जरा लवकर आली. पाहते तर काय, पहिल्या काठीपासून चौथीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलेलं.

एवढंसं जाळं, पण ती दचकली. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून तिनं ते पदरानं पुसून टाकलं आणि मुकाट्यानं बाकावर जाऊन बसली.

पूर्वी त्या काठ्यांवर जाळं धरायला कोळ्याला सवडच मिळत नसे. खिंड ओलांडून पलीकडे जाणारे वाटसरू रोज गावात येत. गावापासून चुना फासलेल्या दगडापर्यंत एक कोस चढण होती, पण वाट सरळ. दगडाच्या पुढं मात्र उघडा सडा, नुसता खडकाळ माळ. तिथं वाटा फुटत, आणि एका अंगाला कडा. वाटसरू म्हणायचा, "दगडापर्यंत येता का जरा?" ज्या घराचा वार, म्हणजे पाळी, असेल त्या घरचं माणूस काठी उचलायचं आणि त्याला पार खिंडीपर्यंत पोचवून यायचं. कुणी एक कोस चल म्हणालं तर त्याच्याबरोबर दोन कोस जा, असं प्रभूनं सांगितलंय, एवढंच गावाला ठाऊक होतं.

ही मुलगी शहरात राहून शास्त्र शिकून आली होती. जाळं दिसलं त्याच्या काही महिने आधी एका रविवारी पाळकसाहेबांनी कौतुकानं तिला बोलायला उभं केलं, तेव्हा तिनं नेमकं तेच वचन घेतलं.

"त्या काळी रोमी शिपाई कुणालाही धरून ओझं वाहायला लावत," ती म्हणाली. "हे वचन त्या जुलमाबद्दल आहे. आपल्याकडे कुठं आहेत रोमी शिपाई? दुसरा कोस पायांनी चालायचा नसतो, तो मनानं चालायचा. राग सोडून द्यायचा."

लोक एकमेकांकडे पाहायला लागले. केवढं शिकलीय पोर!

केरसुण्या वळणारी दुर्कसमावशी मागून म्हणाली, "आणि बाय, मी मनानं चालले तर वाटसरू पोचंल का गं खिंडीला?"

सगळे हसले. मुलगीही हसली. "मावशी, तुम्ही फार शब्दाला धरून बसता हो."

मावशी खाली बसली. तिला वाचता येत नव्हतं.

मुलगी जे बोलली त्यात खोटं काही नव्हतं. खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती तिची तिलाच माहीत होती. पुढच्या आठवड्यात वार तिच्या घराचा होता. लहानपणापासून तिला त्या सड्याची भीती वाटे. वाऱ्यानं गवत सळसळलं तरी ती मागं वळे. त्या आठवड्यात तिनं पुस्तकं चाळली ती अर्थासाठी नव्हे, सुटकेसाठी. आणि तिच्याबरोबर सगळं गावच सुटलं. त्या दिवसापासून जो तो दगडापाशी मागं फिरू लागला. तेवढ्याला काठी कशाला लागते?

जाळं पुसलं त्याच दुपारी एक बाई आली. कडेवर तान्हं मूल, पलीकडे माहेरी आई आजारी. वार पुन्हा मुलीचाच होता. ती दगडापर्यंत गेली आणि थांबली.

"ताई, पुढं नाही येत?" बाईनं विचारलं.

"आमच्यात इथवरच पोचवतात," मुलगी म्हणाली. बोलताना तिनं बाळाकडे पाहायचं टाळलं. "वाट फुटेल तिथं उजवीकडे वळा."

ती झरझर खाली आली. दुर्कसमावशी अंगणात केरसुणी बांधत होती. "एवढ्यात आलीस?" तिनं विचारलं. मुलगी न थांबता पुढं गेली.

घराशी पोचून तिनं वर पाहिलं. सड्यावर धुकं उतरत होतं. दगडसुद्धा दिसेना. ती शेजारच्या दारी धावली. "काका, वर बाई आहे, लेकरू आहे! चला ना!"

काका ओट्यावर पाय पसरून बसले होते. "अगं, तूच सांगितलंस ना, तो कोस मनाचा? मी इथूनच प्रार्थना करतो हो." चेष्टा नव्हती त्यात. त्यांनी खरंच हात जोडले.

पुढच्या दारी तेच. तिसऱ्या दारी तेच. तिचेच शब्द, तिच्याच सुरात, घरोघरी तिची वाट पाहत बसलेले. कानशिलं तापली. त्यांना खरं सांगावं, 'मी घाबरले होते हो,' असं ओरडावं, असं वाटलं. पण जीभ उचलेना.

ती चर्चमध्ये धावली आणि हाताला लागेल ती काठी ओढली. मागं सातच उरल्या. एक आधीच कुणीतरी नेली होती, पण ते मोजायला ती थांबली नाही.

दगड ओलांडला आणि सगळं पांढरं झालं. वाट कुठली, कडा कुठला, काही कळेना. काठी पुढं टेकवली तर खाली जमीनच लागली नाही. ती मटकन बसली. "ताई!" तिनं हाक मारली. "अहो ताई!" गवत सळसळलं. तिचीच हाक कड्यावर आपटून परत आली. "ताई, इथवरच पोचवतात हे मी चुकीचं सांगितलं! मला भीती वाटत होती म्हणून सांगितलं!" आता ऐकायला कोणी नव्हतं, तेव्हा कुठं ते तोंडातून बाहेर पडलं.

ती हाका मारत राहिली. घसा बसला. आणि मग धुक्यात कुठंतरी काठी दगडावर टकटकली, तान्हं मूल रडलं, आणि मावशीचा ओळखीचा आवाज आला.

"ओ! हाय गं पोरी, ही बाई हाय माझ्यासंगं. तू जागची हलू नको. नुसती हाक देत राहा, आम्ही येतो तुझ्यापर्यंत."

तात्पर्य: वचनाचा अर्थ खुशाल खोलात जाऊन शोधावा; फक्त त्या अर्थानं आपल्याला कशातून सोडवलं आणि वाटेत कुणाला सोडून दिलं, हेही स्वतःला विचारावं.