बटणातलं कुंकू

घरोघरच्या कॉम्प्युटरवर फुकट सल्ले देणारे तात्या हर्डीकर म्हणत, "माझ्या नुसत्या नजरेनं कॉम्प्युटर थरथरतो!" आणि लगेच पुस्ती जोडत, "थरथरून कधी कायमचा बंदही पडतो."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या कुमुदवहिनी रडकुंडीला आल्या. परदेशातल्या नातीचं बारसं तासाभरात कॉम्प्युटरवर दिसायचं होतं आणि तो सुरूच होईना. तात्यांनी पाहिलं, तर कालच्या पूजेचं ओलं कुंकू बटणात वाळून घट्ट बसलेलं.

"वहिनी, यंत्राला शास्त्र कळतं, हळदकुंकू नाही! शुद्ध अडाणीपणा!"

जुन्या टूथब्रशनं बटण साफ करून तात्यांनी डोळे मिटले आणि "गजानना, लाज राख रे बाबा," असं पुटपुटत ते दाबलं. पडदा उजळला.

डोळे पुसत वहिनी म्हणाल्या, "भावजी, माझं कुंकू अडाणी, मग आत्ता हाक मारलीत ते गजानन कुठल्या कंपनीत इंजिनियर आहेत?"