ढोलाला हवा जोडा

"ढोल फिरतोय आणि पट्टा जागचा हलत नाही? हा तर राजद्रोह झाला!" लखलखगडचे राजे रत्नसेन सिंहासनावरून गरजले.

प्रकरण असं होतं. खाणीतला पांढरा दगड डोंगरावरच्या नव्या महालाकडे न्यायला कातड्याचा एक लांबलचक पट्टा होता. डोंगरावर एक आणि खाणीत एक अशा दोन मोठ्या लाकडी चाकांभोवती तो फिरे. चाकं ढोलासारखी, म्हणून सगळे त्यांना ढोलच म्हणत. वरचा ढोल आठ बैल फिरवत, तो पट्टा ओढी, आणि पट्ट्याबरोबर खालचा ढोल आपोआप फिरे. दहा वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग महाराज पाहणीला आले!

महाराजांना गुळगुळीतपणाचं भारी वेड. दरबाराची फरशी इतकी घोटलेली, की तीत बघून दाढी करावी. ढोलांचं खरबरीत लाकूड पाहताच त्यांच्या कपाळाला आठी पडली, आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही ढोल मेण लावून आरशासारखे चकचकीत झाले. तेव्हापासून बैल फिरत, ढोल फिरे, आणि खाणीतल्या झऱ्याने भिजलेला पट्टा त्याच्यावर नुसता घसरत राही.

प्रधान सोमदत्त हुशार माणूस. त्याने बैल दुप्पट केले. ढोल दुप्पट वेगाने फिरला, पट्टा तिथेच! मग त्याने पट्ट्याला कामचुकार ठरवून पन्नास फटक्यांची शिक्षा दिली. फटके खाऊनही पट्टा गप्प राहिला, म्हणून त्याच्यावर उद्धटपणाचा दुसरा आरोप ठेवला. शेवटी पाळी आली पट्टा शिवणाऱ्या निंबाजीवर.

"आठ दिवस देतो," महाराज म्हणाले. "ढोलाला असं काही गुंडाळ, की पट्टा घसरणार नाही. पण त्यावरून माझा हात फिरला तर जराही खरखर लागता कामा नये! नाहीतर तू हद्दपार!"

निंबाजी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. "घसरू नये आणि खरखरही नको! सारा जन्म या गावात गेला, हौसा. आता म्हातारपणी कुणाच्या वेशीबाहेर जाऊन बसू?"

त्याची लेक हौसा जवळ येऊन बसली. पोर रडत बसणाऱ्यातली नव्हती. तिने विचारलं, "बाबा, महाराजांच्या मोजड्या कोण शिवतं?"

"मीच की."

"तळाला काय करता?"

"आडव्यातिडव्या चिरा पाडतो. नाहीतर त्या मेल्या फरशीवर..." निंबाजी बोलता बोलता थांबला.

हौसा खुदकन हसली. "जेवून घ्या बाबा. उद्या दरबारात मी जाते."

दुसऱ्या दिवशी दरबाराच्या दारातल्या पट्टेवाल्याने तिला अडवलं. "कोण गं तू?"

"मीपण पट्टेवालीच! तुमचा पट्टा छातीवर मिरवतो, आमचा दगड ओढतो. एवढाच काय तो फरक."

तो आपल्या छातीवरचा पट्टा चाचपून बघतोय, तोवर हौसा आत पोचलीसुद्धा.

"महाराज, राज्यात खरखरीत काही उरू नये असा आपला हुकूम आहे ना?"

"आहेच!"

"मग एक काम राहिलंय. आपल्या मोजड्यांचे तळ!"

महाराज खूश झाले. त्यांनी लगेच मोजड्या काढून दिल्या. हौसाने भर दरबारात बसून तळाच्या चिरा मेणाने बुजवल्या आणि गारगोटीने घोटून घोटून तळ लख्ख केले. महाराजांनी त्यांत आपल्या मिशा पाहिल्या, मोजड्या पायांत सरकवल्या, एक पाऊल टाकलं, आणि निघाले!

सिंहासनापासून थेट दरवाजापर्यंत! दोन्ही बाजूंच्या मानकऱ्यांनी लवून मुजरे केले. "वा! काय ही चाल!" गादीवरून प्रधान ओरडला. दरवाजाशी महाराजांनी पट्टेवाल्याचा पट्टा धरला आणि दोघेही धपकन खाली बसले.

"दगा!" महाराज किंचाळले.

"दगा कसला, महाराज? ढोलाचं हेच झालंय. आपल्या मोजड्यांसारखा त्यालाही चिरांचा जोडा हवा. ओल्या पट्ट्याचं पाणी चिरांतून निघून जाईल आणि पट्टा घट्ट धरला जाईल."

"पण माझी अट? हात फिरवल्यावर खरखर लागली तर?"

"चालत्या ढोलावर हात फिरवणाऱ्याला खरखर लागत नाही, महाराज. त्याला हातच उरत नाही!"

महाराजांनी दोन्ही हात पटकन मागे घेतले. पट्टेवाल्याने तोंडात उपरणं कोंबलं.

"मी हेच म्हणणार होतो!" प्रधान म्हणाला. "आजच दोन्ही ढोलांना चिरांचं कातडं लावा!"

"दोन्ही कशाला?" हौसा म्हणाली. "वरचा ओढतो, त्याला चिरा. खालचा काही ओढत नाही, नुसता फिरतो. त्याला चिरा दिल्या तर पट्टा फुकट झिजेल. नुसतं फिरणाऱ्याला गुळगुळीत कातडंच बरं."

"मग आण की गुळगुळीत कातडं!" महाराज म्हणाले.

"आणायला कशाला हवं? दरबारातच आहे. प्रधानजी मेण्यातून उतरतात ते थेट गादीवर. त्यांच्या जोड्यांचे तळ बघा, नवेकोरे असतील!"

"जोडे दाखवा, प्रधानजी!" महाराज म्हणाले.

प्रधानाने पाय गादीखाली ओढले, पण हुकूम तो हुकूम. तळावर एक ओरखडा नव्हता! दुकानदाराने काढलेली खडूची खूणसुद्धा जशीच्या तशी होती.

महाराजांना हसू आवरेना. "पण पोरी, एवढ्याशा जोड्यात ढोल कसा झाकणार?"

हौसाने दोन्ही बाजूंना शांतपणे पाहिलं. "मानकऱ्यांची रांग मोठी आहे, महाराज!"

महाराज फरशीवर बसूनच पोट धरधरून हसले. त्यांनी गळ्यातला कंठा काढून हौसाला दिला, निंबाजीची हद्दपारी रद्द केली आणि त्याला दोन्ही ढोलांचा कारभारी नेमलं. चौथ्या दिवशी पट्टा खडखडत चालू लागला. मोजड्यांना मात्र महाराजांनी दरबाराच्या दिवशी दुपारीच पुन्हा चिरा पाडून घेतल्या, आणि सगळा दरबार त्यांच्यामागून अनवाणी, फरशीवर जपून पावलं टाकत घरी गेला.