मुटकुळं सोडायचं नाही!

एका जंगलात, सागाच्या उतारावर, एका खोल बिळात खवल्या मांजराचं कुटुंब राहत असे. कुटुंब म्हणजे एक आई आणि तिचं एकुलतं एक पिल्लू. नावात मांजर आहे म्हणून मिशा आणि म्यांव शोधत बसू नका, मुलांनो. या प्राण्याच्या अंगावर शेपटीच्या टोकापर्यंत जाड खवले असतात, तोंडात एकही दात नसतो आणि मुंग्या-वाळवी हेच त्याचं जेवण. संकट आलं की तो लढत नाही, चावत नाही. नाक पोटात, शेपूट नाकावर आणि अंगाचं घट्ट मुटकुळं! मग बिबट्याने चावा घेतला तरी बिबट्याच्याच दाढा दुखतात.

या आईचं पिल्लू तिच्या शेपटीवर बसून फिरायचं. खवल्या मांजरांची ती रीतच आहे. पण पिल्लू आता चांगलं गुबगुबीत झालं होतं. त्याला घेऊन वारूळ खणताना आईला धाप लागे आणि तोवर निम्म्या मुंग्या पसार होत. त्यात शेजारची साळिंदरीण टोमणे मारी. "अगं, घोडा झाला की तो! अजून शेपटीवरच? आमची पोरं याच्या वयाची असताना एकटी राहत होती हो." शेजाऱ्यांचं बोलणं आणि पायातला काटा, दोन्ही सलतातच. आईने ते मनाला लावून घेतलं.

पिल्लाला एकटं ठेवायचं तर ते तेवढं मोठं झालंय की नाही, हे ठरवायला हवं. आईने त्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं.

"बाळा, मी नसताना कुणी बिळात आलं तर?"

"मुटकुळं!"

"कुणी ढोसलं तर?"

"आणखी घट्ट मुटकुळं!"

"कुणी बाहेर ये म्हणालं तर?"

"तो कोल्हा असणार. मुटकुळं सोडायचं नाही!"

"आणि माझ्या आवाजात हाक मारली तर?"

पिल्लू जरा अडखळलं. "तुझा आवाज आला तर... सोडायचं?"

"अजिबात नाही!" आई कडाडली. "कोल्हा लबाड असतो, तो कुणाचाही आवाज काढतो. मी आले की गुपचूप तुझ्याशेजारी येऊन निजेन. हाक मारणारी तुझी आई नव्हे, हे पक्कं लक्षात ठेव."

पिल्लाने ते पक्कं लक्षात ठेवलं. मग आईने आवाज बदलून पाहिला, त्याला ढकलून पाहिलं, लोळवून पाहिलं, लाडीगोडी लावली. मुटकुळं काही सुटलं नाही. आईचा ऊर भरून आला. पलीकडच्या कपारीत राहणारी म्हातारी घोरपड हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "पोर गुणी आहे गं तुझं. पण मला एक सांग, त्याला भीती वाटली तर त्याने जायचं कुणाकडे?"

"जायचं कशाला?" आई म्हणाली. "बिळातून हलायचंच नाही, असं बजावलंय मी."

घोरपडीने जीभ आत-बाहेर केली आणि ती गप्प बसली. मला विचाराल तर तिने गप्प बसायला नको होतं. पण दुसऱ्याच्या पोराबद्दल बोलून वाईट कोण होतो?

एके संध्याकाळी आई पिल्लाला पहिल्यांदाच घरी ठेवून एकटी निघाली. शेपूट हलकी, पाय हलके. पलीकडच्या टेकडीवर तिला मोठं वारूळ सापडलं आणि कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली. इकडे उतारावर मोहाची फुलं वेचायला आलेल्या कुण्या माणसाने, पडलेली फुलं नीट दिसावीत म्हणून, झाडाखालचा पाचोळा पेटवला आणि तो न विझवताच निघून गेला. वारा सुटला. वाळलेल्या गवताने पेट घेतला आणि बघता बघता सगळा उतार धडधडू लागला. लहानमोठी जनावरं जीव घेऊन खालच्या ओढ्याकडे पळाली.

धूर दिसताच आईही ओढ्याकडे धावली. तिथे ससे होते, उंदीर होते, साळिंदरीण आपल्या पोरांसह होती. एवढी आग बघून आपलं पिल्लूही यांच्याबरोबर पळून आलं असेल, अशा भरवशावर ती प्रत्येकाच्या मागे डोकावून आली.

"माझं बाळ कुठंय?"

साळिंदरीण खाली मान घालून म्हणाली, "मी बिळाशी थांबून ओरडले गं. आग लागलीय, चल, म्हटलं. आतून म्हणालं, 'तू कोल्हा आहेस, मी येणार नाही जा!' मग माझी पोरं रडायला लागली. मी तरी किती थांबणार?"

आई पेटत्या उताराकडे धावत सुटली. तिच्या मागोमाग घोरपडही सरपटत निघाली.

बिळात धूर कोंडला होता. अगदी आत, भिंतीला टेकून, पिल्लू मुटकुळं करून पडलं होतं. "बाळा, ऊठ! मी आलेय, आई!" ती ओरडली. मुटकुळं आणखी घट्ट झालं.

"अरे सोड! आग आलीय! मी तुझी आई आहे रे!"

आतून खोकत, घुसमटत आवाज आला. "माझी आई हाक मारत नाही."

शब्द आईचेच होते. तिनेच घोटून घेतलेले. जे मुटकुळं बिबट्याला उघडत नाही, ते तिला तरी कसं उघडावं? आणि शेजारी गुपचूप निजायला आग थांबणार होती थोडीच? तिने पिल्लाला नाकाने ढकलत बिळाच्या तोंडाशी आणलं, तर तो जाडजूड गोळा तोंडातून बाहेरच येईना. तेवढ्यात बाहेरून नख्यांचा आवाज आला. घोरपड माती उकरत होती. आई आतून उकरू लागली. तोंड रुंद झालं, गोळा बाहेर आला आणि दोघींनी तो तापल्या राखेतून लोटत लोटत खाली ओढ्याच्या उथळ पाण्यात ढकलला.

नाकात पाणी गेलं तेव्हा कुठे मुटकुळं सुटलं. पाठीवरचे खवले काळे पडले होते, नाकाच्या शेंड्याला फोड आला होता. पण पिल्लू जिवंत होतं. सगळी जनावरं भोवती गोळा झाली. सशाचं एक चिमुकलं पोर पुढे आलं. एवढंसं, पण सगळ्यांच्या आधी पळून आलेलं.

"तू पळाला का नाहीस? आग लागल्याचं तुला कळलं नाही?"

"कळलं ना," पिल्लू म्हणालं. "धूर आला, मग चटके बसायला लागले. मला खूप भीती वाटली."

"मग?"

"मग काय? बिळातून हलायचं नव्हतं ना!"

मग ते आईकडे वळलं आणि फोड आलेलं नाक वर करून, मोठ्या अभिमानाने म्हणालं, "आई, मी एकदासुद्धा मुटकुळं सोडलं नाही. आता मी मोठा झालो ना?"

आईने त्याला पोटाशी धरलं आणि मग पुन्हा आपल्या शेपटीवर बसवलं.

तात्पर्य : सांगितलेलं तंतोतंत पाळतं म्हणून मूल घरी एकटं राहण्याएवढं मोठं होत नाही, सांगितलेलं कधी मोडायचं आणि कुणाकडे धाव घ्यायची, हे त्याला उमगलं, की मगच मोठ्यांनी निर्धास्तपणे उंबरा ओलांडावा.