माळावरची रुई

शेरडांची भाषा माणसांना कळत होती, तेव्हाची ही गोष्ट. माळावर एक रुई होती. भुरी शेळीच्या करडानं तिचं पान चावलं आणि ते दिवसभर तोंडाला फेस येऊन पडून राहिलं. करडू वाचलं, पण भुरीचा राग जाईना. तिनं मालकिणीच्या, बाणाबाई धनगरणीच्या मागे टुमणं लावलं. शेवटी बाणाबाईनं कुऱ्हाड घेतली आणि रुई जमिनीलगत तोडली.

"बरं झालं," भुरी म्हणाली. "अंगभर विष घेऊन जगायचंच कशाला?"

 रुईची मुळं खोल होती. दोन महिन्यांत बुंध्याला नवी पानं फुटली.

त्याच सुमारास भुरीच्या खुरात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजला, टेकवेना. दुसऱ्या दिवशी धनगरांचा तळ पुढच्या चराईला हलणार होता, आणि चालता न येणारी शेळी खाटकाकडे जाते हे भुरीला ठाऊक होतं. बाणाबाईनं सुईनं कोरून पाहिलं, पण काटा हाती लागेना. मग तिनं रुईचं पान खुडून आणलं आणि देठातला पांढरा चीक काट्याच्या तोंडाशी थेंब थेंब सोडला. सकाळी काटा वर आला. तिनं तो चिमटीत धरून ओढला आणि भुरीनं पाय टेकवला.

"हे कुठलं औषध?" भुरीनं रुईला विचारलं.

"ज्यानं तुझं करडू पडलं होतं, तेच," रुई म्हणाली. "माझ्याकडे दुसरं काही नाही."

निघताना करडू पुन्हा रुईपाशी घुटमळलं. भुरीनं त्याला शिंगानं बाजूला सारलं.

"हिला खायचं नाही," ती म्हणाली, "आणि तुडवायचंही नाही."