बुजवलेली खिडकी

एका गावात भुजंगशेट नावाचे गुळाचे व्यापारी राहत. त्यांना आणि त्यांच्या बायकोला, साळूबाईला, जुनाट खोकला जडला होता. शेट दुकानात तागडी धरून खोकत, साळूबाई चुलीपुढे बसून खोकायची. अडुळशाचा काढा झाला, ज्येष्ठमध झाला, हळदीचं दूध झालं. खोकला तसूभर हलला नाही.

"ही त्या रंगोबाची दृष्ट आहे," शेट म्हणत. रंगोबा म्हणजे पलीकडच्या घरातला शेजारी. शेवग्याच्या शेंगांवरून दोघांचं भांडण झालं होतं, तेव्हापासून बोलणं बंद.

शेवटी गावातले वैद्यबुवा म्हणाले, "माझी औषधं हरली. आता तुमचं घरच बघतो. उद्या जेवायलाच येतो."

दुसऱ्या दिवशी बुवा स्वयंपाकघरात पाटावर बसले. पहिला घास घेतला आणि त्यांना जो ठसका लागला, तो थांबेचना. डोळ्यांतून धारा लागल्या. पागोटं सावरत ते अंगणात पळाले.

शेट मागोमाग धावले. "अरे देवा! बुवांनाही आमचा रोग लागला!"

"रोग कसला? धूर आहे तो! स्वयंपाकघराला खिडकी नाही?"

"होती. बुजवून टाकली."

"का?"

"उघडली की रंगोबाचं तोंड दिसायचं."

बुवांनी कपाळावर हात मारला. "मग काढे पिऊन काय होणार? आधी ती खिडकी उघडा."

"जीव गेला तरी उघडणार नाही!"

साळूबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "अहो, जीव माझा जातोय. चुलीपुढे मी बसते. उद्यापासून भाकऱ्या तुम्ही थापा, मग खुशाल ठेवा बंद."

शेटही हट्टाला पेटले. सकाळी परात घेऊन बसले. पहिली भाकरी करपली. दुसरी शिंकेसरशी फाटली. तिसरी तव्यावर आहे की चुलीत, हेच धुरात दिसेना.

"रोज हे असंच असतं?" त्यांनी विचारलं.

"रोज," साळूबाई म्हणाली.

शेटनी परात बाजूला सारली. मग उठले आणि त्यांनी पहार उचलली.

विटा ढासळल्या तसा कोंडलेला धूर भपकन बाहेर पडला. पलीकडून रंगोबा ओरडला, "आग! शेटच्या घराला आग लागली!" आणि धावत येऊन त्याने पाण्याची भरलेली घागर त्या भगदाडातून आत रिकामी केली. सगळं पाणी शेटच्या डोक्यावर!

धूर ओसरला. अलीकडे निथळणारे शेट, पलीकडे रिकामी घागर धरलेला, धापा टाकणारा रंगोबा.

"आग कुठाय?" रंगोबाने विचारलं.

शेटनी तोंडावरचं पाणी निपटलं. "विझली," ते म्हणाले.

साळूबाई इतकी हसली, की हसता हसता पुन्हा खोकली. पण त्यानंतर दोघांचाही खोकला हळूहळू उतरत गेला, आणि थंडी पडेपर्यंत पार थांबला.

तात्पर्य: जुन्या दुखण्याला नुसती औषधं देत बसू नये, त्याचं कारण शोधावं, आणि ते कारण आपलाच हट्ट निघाला, तर पहार उचलायला लाजू नये.